क्रम बदलू नका

"हा माणूस पेवाच्या तोंडाशी उभा आहे. तू लिहिलंयस, तो थोडा वेळ थांबला आणि मग आत उतरला. का थांबला?" निंबर्गी सरांनी विचारलं.

"मूळ कानडीत तसंच आहे सर."

"ते मलाही दिसतंय. पण का थांबला?"

मी कागदाकडे पाहिलं. "धान्य किती उरलं असेल, या विचारात पडला असेल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे आता खरडपट्टी. "अगं, पेव म्हणजे जमिनीखालची कोठी. दोन-दोन वर्षं बंद असते. उघडल्या उघडल्या उतरलं तर आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. म्हणून आधी तोंड मोकळं ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. ज्योत टिकली तरच उतरतात. कानडी वाचणाऱ्याला कळतं, की हा मरणाच्या दारात उभा आहे. तुझा वाचक म्हणेल, बिचारा विचार करतोय. शब्द सगळे बरोबर आणि भाषांतर साफ चूक."

"मग काय लिहू?"

"आधी जाऊन पेव बघ. न पाहिलेलं लिहायचं नाही."

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं कानडी, त्यामुळे बोलायची कानडी मला उसन्या साखरेच्या वाट्यांबरोबर फुकटात मिळाली होती. वाचायला मात्र सरांनी शिकवलं. ते कानडी शाळेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं कानडीतून मराठीत पुस्तकं आणत राहिले आणि चाळीस वर्षं त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायची आणि लाल पेन्सिलीने रंगलेली पानं घेऊन घरी यायची. "न पाहिलेलं लिहायचं नाही" हे त्यांचं पालुपद. पुढच्याच आठवड्यात मी एका मोडक्या गढीत जाऊन पेव पाहून आले. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, नको तितकं पटलं होतं.

त्या वर्षी सरांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. एक छोटी कादंबरी, एका बाईने लिहिलेली. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या निम्म्या प्रकाशकाच्या माळ्यावरच पडून होत्या. बाईंनी टोपणनावाने लिहिलं होतं. ते नाव मी इथे देणार नाही, कादंबरीचंही नाही. त्यांना कावेरीबाई म्हणते. परवानगी मागणारं माझं पत्र प्रकाशकाने त्यांच्याकडे पाठवलं आणि तीन आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं सुटं, गोल. पत्ता घाटाखालच्या एका गावातल्या शाळेचा.

"भाषांतर जरूर करा," असं लिहिलं होतं. "एकच अट आहे. माझा पत्ता, माझं गाव, मी काय करते हे कुणालाही सांगायचं नाही. मी घरातून निघून आलेली बाई आहे. सतरा वर्षं झाली. ज्यांच्यातून आले त्यांनी मला शोधणं थांबवलेलं नाही."

मी ते पत्र सरांना वाचून दाखवलं. सरांनी ते माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हे पत्र नीट सांभाळ. आणि कादंबरी म्हणून वाच, पण कादंबरीच आहे असं धरून चालू नकोस."

"म्हणजे खरं घडलंय?"

"मी कुठे म्हणालो?" सर म्हणाले आणि चहा घ्यायला उठले.

कादंबरीत एक मोठं शेतकरी घर होतं आणि त्या घरात एक आत्या. आत्या विधवा होऊन माहेरी परतलेली आणि पुन्हा लग्न करायचं म्हणत होती. एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीत सापडते. पाय घसरला, असं घरचे सांगतात. हे सगळं सांगणारी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची असते. तिने चिंचेच्या झाडावरून जे पाहिलेलं असतं ते ती पुढची सात वर्षं कुणाला सांगत नाही, आणि मग एक दिवस घर सोडते.

मी झपाट्याने काम करत होते. अडलं की कावेरीबाईंना विचारायची. कशाची भाजी, कसला दागिना, कुठला नवस, सगळ्याची उत्तरं वक्तशीर यायची, बरोबर पेनने काढलेली चित्रंसुद्धा. अडले ते नवव्या प्रकरणात.

येळ अमावस्या आमच्याकडे नवी नाही. मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोपी म्हणजे छोटं खोपटं, तिच्यात पाच दगड मांडून पूजा, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली अंबील. वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून पानावर बसवतात. पण या घरात एक जास्तीची रीत होती. पूजा झाली की घरातल्या प्रत्येक लेकीच्या नावाने बाजरीचा एक छोटा उंडा करायचा, आणि घरातल्या वडील माणसाने तो बांधावर ठेवायचा. लेक ज्या दिशेला दिली असेल त्या दिशेला अंगठ्याचा ठसा करून. पाखरांनी तो खाल्ला की लेकीला पोचला.

वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग हे वाक्य आलं: "त्या वर्षी आत्याचा उंडा काकांनी दगडाखाली ठेवला. आत्या तेव्हा चुलीपाशी बसून भज्जी ढवळत होती."

मेलेल्या लेकीचा उंडा दगडाखाली ठेवत असणार, हे मी माझं मीच ठरवलं. पण आत्या तर मरते पुढच्या प्रकरणात, संक्रांतीच्या आधी चार दिवस. म्हणजे लेखिकेचा गोंधळ झाला होता. दोन वर्षांच्या अमावस्या एकीत मिसळल्या होत्या. पहिल्या पुस्तकात असं होतं. मी मोठ्या उदार मनाने कावेरीबाईंना लिहिलं, की इथे क्रम चुकलेला दिसतो, मी तो मराठीत दुरुस्त करू का? शिवाय ही उंड्याची रीत मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, ती नीट समजावून सांगाल का?

उत्तर या वेळी चौथ्या दिवशी आलं. चार ओळींचं. "क्रम बदलू नका. आहे तसाच ठेवा. उंड्यांबद्दल मात्र आणखी काही विचारू नका, कुणालाच विचारू नका. ती रीत गैरसोयीची वाटत असेल तर त्या जागी दुसरं काहीही घाला."

मी चिडले. एवढं सुंदर प्रकरण, आणि बाई म्हणतात काहीही घाला!

सर म्हणाले, "तिने सांगितलंय तसं कर."

"सर, तुम्हीच म्हणता न पाहिलेलं लिहायचं नाही."

"म्हणतो. पण ज्याची वस्तू आहे तो नको म्हणाला तर दाराबाहेर थांबायचं असतं."

सर आता थकले, असं माझ्या मनात आलं. हे लिहायला आज लाज वाटते.

कावेरीबाईंनी कादंबरीत गावाचं नाव बदललं होतं. पण मंगळवारचा बाजार बदलला नव्हता, नदीचं वळण बदललं नव्हतं, आणि दोन घुमटांची जुनी कबर तर पानोपानी होती. मी नकाशा घेऊन बसले आणि दोन संध्याकाळींत मला गाव सापडलं. सीमेपलीकडे, एसटीने तीन तासांवर. इथे मी त्याला नीरगट्टी म्हणते. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालाचाही झाला नव्हता. सरांना काही न सांगता, डिसेंबरच्या अखेरीस येळ अमावस्येच्या दिवशी शाळेत रजा टाकून मी निघाले. पिशवीत कादंबरी, वही आणि दोन पेनं.

स्टँडबाहेर एक बाई केळी विकत होती. मी कानडीत विचारलं, "इथे लेकींच्या नावाने उंडे ठेवणारं घर कोणतं हो?"

केळीवाली माझ्याकडे बघत राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात वाचलं."

"पुस्तकात?" तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "दुसरं कुणी करत नाही तसं. धन्यांच्या घरची रीत आहे. तळ्याच्या पलीकडचा मळा." मग केळ्यांवरच्या माशा वारत म्हणाली, "परतीची गाडी चारला आहे. चुकवू नको."

मळ्यात शाळू कमरेपर्यंत आला होता. कोपीभोवती तीस-चाळीस माणसं होती, पोरं शेतातून धावत होती. मला पाहताच एक उंच गृहस्थ पुढे आले. पन्नाशीचे, पांढरं स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म. सोलापूरहून आलेय, असं मी कानडीत सांगितलं तर ते मराठीत बोलले.

"या की बाई, या. सोलापूरहून आलाव व्हय? तुमच्या सोलापुरात चार वर्षं बोर्डिंगला होतो मी. मला अप्पासाहेब म्हणतात. आज येळ अमावस्या, आज कुणाला उपाशी सोडत नसतात आम्ही."

इतकं अगत्य की माझी उरलीसुरली भीती पार गेली. त्यांच्या बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. कोपीच्या सावलीत त्यांची आई बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली. सगळे तिला अव्वा म्हणत. मी तिच्याशेजारी बसले. तिने चाचपून माझा हात हातात घेतला.

"कशाला आलीस?" तिने कानडीत विचारलं.

"लेकींचे उंडे बघायला, अव्वा. पुस्तकात वाचलं."

तिने माझा हात सोडला. "जेव आणि ऊठ," ती म्हणाली.

म्हातारी माणसं असायचीच तिरसट, असं म्हणून मी ते कानाआड केलं.

अप्पासाहेबांनी मला बांधावर नेलं. त्यांच्या सुनेच्या हातात पितळेचं ताट होतं आणि ताटात सुपारीएवढे बाजरीचे उंडे. अप्पासाहेब एकेक नाव घेत, उंडा ठेवत आणि अंगठ्याने दाबत. "पार्वती, जमखंडी." दाबला पश्चिमेला. "शिवलीला, आळंद." दाबला ईशान्येला. सात झाले. मी वहीत भराभरा लिहीत होते. प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर चालू होतं. एवढं सुख मला भाषांतराने पुन्हा कधी दिलं नाही.

ताटात एक उंडा राहिला होता. अप्पासाहेबांनी तो उचलला आणि तळहातावर धरून उभे राहिले.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"हा आमच्या गंगाचा. धाकटी बहीण. अठरा वर्षांची होती, रागानं घर सोडून गेली. सतरा वर्षं झाली बघा." त्यांचा आवाज जड झाला. "हिचा उंडा कुठल्या दिशेला ठेवायचा तेच कळत नाही. दरवर्षी असाच हातात धरतो आणि परत ताटात ठेवतो. पाखरांनी न खाल्लेला उंडा, बाई. म्हणजे लेक उपाशी राहिली."

सतरा वर्षं. आकडा माझ्या कानात वाजला. मला सगळं समजलं, म्हणजे समजलं असं वाटलं. मी वही मिटली.

"बाई, तुम्ही अव्वाला सांगत होताव, पुस्तकात वाचलं म्हणून. कुठलं पुस्तक ते?"

मी पिशवीतून कादंबरी काढून दिली. त्यांनी चाळली नाही. फक्त मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. "चांगलं लिहिलंय?"

"फार चांगलं."

"आमच्याबद्दल काय लिहिलंय?"

"ही रीत," मी घाईने म्हणाले. "फार मायेने लिहिलीय." विहिरीचं मी बोलले नाही. एवढी अक्कल मला होती. पुस्तकात घडतं त्यात या माणसाचाही हात असेल, हे तरीही माझ्या मनाला शिवलं नाही. माझ्यासमोर बहिणीचा उंडा हातात धरून एक भाऊ उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खुशाल आहे का ती?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"देवाची कृपा. अव्वाचं आता काही खरं नाही, बाई. डोळे गेले, छातीत दुखतंय. पोरीचं नाव घेत झोपते. पत्ता मागत नाही मी तुमच्याकडं. तुम्ही शब्द दिला असाल, तो मोडू नका. नुसती दिशा सांगा. एवढा उंडा ठेवू दे मला."

आजही मला तो क्षण पुढेमागे करून बघता येतो. ऊन कलतं झालं होतं. सून ताट धरून खाली मान घालून उभी होती. लांबून अव्वा ओरडली, "त्या बाईला जेवायला वाढा, तिची गाडी चुकेल!"

मी हात वर केला आणि नैर्ऋत्येकडे दाखवलं.

"तिकडं? घाटाखाली?"

"हो."

"समुद्राच्या अंगाला. म्हणजे पाऊस फार तिकडं. तिला लहानपणापासून पडसं व्हायचं." ते स्वतःशीच हसले. "शाळेत असणार. शिकवायची फार हौस."

मी हसले, आणि माझ्या हसण्यात त्यांना हवं ते मिळालं.

"तिकडं आमचे पाहुणे आहेत बघा," असं म्हणून त्यांनी एका गावाचं नाव घेतलं.

"नाही, त्याच्या अलीकडे," मी म्हणाले आणि गावाचं नाव सांगितलं. शिक्षक पोरांची चूक दुरुस्त करतो तसं, सहज.

अप्पासाहेबांनी डोळे मिटले. मग वाकून उंडा बांधावर ठेवला. नैर्ऋत्येला अंगठा दाबतील म्हणून मी पेन उघडलं. त्यांनी अंगठा दाबला नाही. शेजारचा एक चपटा दगड उचलला, दोन्ही हातांनी, आणि सावकाश उंड्यावर ठेवला. मग तळव्याने खाली दाबला.

सुनेने ताट जमिनीवर ठेवलं आणि तोंडावर पदर घेतला. कोपीजवळच्या बायकांचं बोलणं थांबलं. अव्वाला काही दिसत नव्हतं, पण ती शांतता तिला कळली असावी. ती बसल्याजागी पुढेमागे हलू लागली.

आत्याचा उंडा काकांनी दगडाखाली ठेवला. आत्या तेव्हा चुलीपाशी बसून भज्जी ढवळत होती. वाक्य मला पाठ होतं. मी ते कानडीत लिहून काढलं होतं, मराठीत पाच वेळा घोटलं होतं. त्यात चूक नव्हती. दगड आधी असतो.

"चला, पान वाढलंय," हात झटकत अप्पासाहेब म्हणाले.

मी जेवले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. उंडा तोंडात फिरत राहिला, आणि मी अंबिलीच्या घोटाबरोबर तो खाली ढकलला. त्यांनी स्वतः जीपमधून मला स्टँडवर सोडलं. उतरताना पुस्तक माझ्या हातात दिलं. "मराठीत आलं की एक प्रत पाठवा. आम्हाला मराठी येतंय."

केळीवालीने मला जीपमधून उतरताना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

रात्री सातच्या पुढे सरांच्या दारात पोचले आणि घडलं ते सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावतील, निदान चष्मा तरी काढतील, म्हणून मी वाट बघत होते. ते उठले आणि कोट चढवला.

"तार ऑफिसला चल."

"सर, माझ्यामुळे..."

"रडायचं ते नंतर रड. पत्ता पाठ आहे का?"

फॉर्म समोर आल्यावर माझा हात चालेना. "काय लिहू? तार शाळेत कुणीही वाचेल. नाव लिहिलं तर तिथल्या लोकांनाही कळेल."

"तिलाच कळेल असं लिही," सर म्हणाले. "तेवढं तुला आता येतं."

मी लिहिलं: तुमचा उंडा दगडाखाली ठेवला. निघा.

तार घेणाऱ्या कारकुनाने दोनदा वाचलं. "हे काय आहे बाई? स्वयंपाकाचं?"

"हो," सर म्हणाले. "तातडीचं आहे."

तारेवर भिस्त ठेवून घरी बसणं मला जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी घाटाखालच्या त्या गावाची गाडी पकडली. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळा शोधून काढली. मुख्याध्यापिका जाड भिंगाच्या चष्म्याच्या, करारी बाई होत्या. मी सोलापूरची म्हटल्यावर त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं.

"तार वर्गात दिली मी त्यांना. पाचवीचा भूगोल चालू होता. त्यांनी वाचली, घडी घातली, तास पुरा केला. फळा पुसला. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, मला आत्ता जायला हवं. एक पिशवी घेऊन गेल्या. नऊ वर्षं होत्या आमच्याकडे."

"कुठे गेल्या?"

"मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे सांगावं लागत नाही." त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. मी मान खाली घातली.

"काल दुपारी दोघं आले होते," त्या पुढे म्हणाल्या. "एक उंच, धोतरवाले. भाऊ म्हणाले. आई आजारी आहे म्हणाले. रडले इथे बसून. मला क्षणभर वाटलं, उगाच पळाली बाई." त्यांनी टेबलाच्या खणातून पाकीट काढलं. "सोलापूरहून कुणी आलंच तर द्या, असं सांगून गेल्यात."

आत शाळेच्या वहीचं अर्धं पान होतं. माझ्यावर एका अक्षराचाही राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पुस्तक थांबवू नका. आत्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही. क्रम आहे तसाच राहू द्या. सुरुवातीच्या पानावर एवढं घाला, की लेखिका हयात नाही. त्याने त्यांचा शोध थांबला तर थांबेल. मला पत्र लिहू नका."

पुढे पुस्तक आलं. सुरुवातीच्या पानावर, मधोमध, मी ते तीन शब्द छापले. मूळ कादंबरीत नसलेलं एवढंच मी घातलं. परीक्षणं चांगली आली. नवव्या प्रकरणाचं सगळ्यांनी कौतुक केलं. भाषांतर इतकं जिवंत आहे, की जणू डोळ्यांनी पाहून लिहिलंय, असं एकाने लिहिलं. सरांनी ते कात्रण वाचलं, घडी घालून मला परत दिलं. त्यांनी मला शिकवणं थांबवलं नाही. पण "न पाहिलेलं लिहायचं नाही" हे त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मी प्रत पाठवली नव्हती. तरी वर्षाच्या आत नीरगट्टीहून कार्ड आलं. सुवाच्य मराठी, एकही खाडाखोड नाही.

"आपले पुस्तक वाचले. भाषांतर उत्तम झाले आहे. लेखिका हयात नाही असे छापले आहे, ते वाचून सर्वांस दुःख झाले. अव्वाही गेल्या श्रावणात वारली. लेखिका केव्हा वारल्या ती तिथी कृपया कळवावी. घरची लेक आहे, तिचे करायला हवे."

ते कार्ड मी आठ दिवस जवळ बाळगलं. उत्तर दिलं नाही तर त्यांना कळणार होतं, की पानावरचं वाक्य खोटं आहे. आणि तिथी लिहायची तर जिवंत बाईची लिहायची. सरांना विचारायला मी गेले नाही. हे माझं मलाच करायचं होतं.

शेवटी पंचांग उघडलं. जी पहिली तिथी नजरेला पडली ती लिहिली, फाल्गुन वद्य सप्तमी, आणि कार्ड पेटीत टाकलं. त्यानंतर नीरगट्टीहून काही आलं नाही. कावेरीबाईंकडूनही काही आलं नाही.

याला आता सदतीस वर्षं झाली. फाल्गुन वद्य सप्तमीला त्या घरात दरवर्षी तिचं श्राद्ध होतही असेल. पुढे त्यांनी काही विचारलं नाही ते माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून, की माझ्या कार्डाआधीच त्यांनी तिला गाठलं होतं आणि खरी तिथी त्यांना माहीत होती म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही.